चौथा ठोका

१२ जुलै, गुरुवार. लालबाग.

मी सोडलेल्या बँडने आज नव्या अल्बमची झलक म्हणून तीन गाणी नेटवर फुकट टाकली. ऐकायचीच नाहीत असं ठरवून ऑफिसातून आले आणि चपला काढायच्या आधीच डाउनलोड केली.

माझ्या जागी आलेला रोहन ड्रम्स वाजवतो. बरा वाजवतो मेला. पण दुसऱ्या गाण्यातला तो चौथा ठोका, किंचित रेंगाळून पडणारा, तो माझा आहे! माझा म्हणजे बाबांचा. संपात गिरणी सुटली, तरी बाबा जेवताना ताटावर बोटांनी आपल्या मागाचा ताल धरायचे. मागाला ते साचा म्हणतात. त्यांचा साचा दर चौथ्या ठोक्याला अडखळायचा. तो ठोका मीच बँडला दिला. आता नाव कुठेच नाही. का असेल? नोकरीसाठी मीच सोडलं ना?

तरी जळतंय.

साचेखात्यातल्या आवाजाने बाबांचे कान गेलेत. ते स्पीकरवर तळवा ठेवून गाणं ऐकतात. आज चौथा ठोका आला आणि ते ताठ बसले.

"हो माझो साचो! कोण वाजवता?"

रोहनचं नाव ओठांवर आलं होतं. मी माझ्याच छातीवर बोट ठेवलं.

बाबा केवढे हसले! मग माझा हात ओढून घेतला आणि अंगठ्याने बोटांवरचे घट्टे चाचपायला लागले. घट्टे दोन वर्षांपूर्वीच, बँडबरोबर गेलेत. ते शोधतच राहिले.