सहा महिने चमकणारा रंग

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही रंग ठरला नाही. चार दिवस झाले! एवढ्यात लोकांच्या मुलींची लग्नं ठरतात.

बाबांची फियाट — १९७६ ची, माहेरच्या, शाहपुरच्या केळीच्या बागेच्या पैशांतून घेतलेली. बाबा गेले तेव्हा मृत्युपत्रात स्वच्छ लिहून गेले: गाडी वैजयंतीला, म्हणजे मला. त्यामुळे रंगाबद्दल मला कोणी विचारायचं कारणच नाही. आमचे निरंजनराव आहेत ना! तेहेतीस वर्षं पेपर मिलमध्ये कागद बनवला, तेव्हा रंगातलं त्यांना कळणारच.

टीपॉयवर तीन डबे मांडलेत. एनॅमल — आपल्या लोखंडी गेटला लावतात तो. एनसी — झटकन वाळतो, पण घासून घासून चमक आणावी लागते. आणि पीयू — हार्डनर घालून मारायचा, दहा वर्षं बघायला नको, पण एनॅमलच्या चौपट महाग. ह्यांचा हात कुठल्या डब्यावर गेला ते लिहायची गरज नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

सिंधीपुऱ्यात सुकलाल पेंटरकडे गेले होते. गाडी घासायला घेतलीय. नंतर कधीतरी मारलेला मळकट क्रीम रंग निघाला आणि दाराच्या आत मूळचा फिकट निळा दिसला. ह्याच दाराशी बसून मी कॉलेजला जायची. बाबा रस्ताभर हॉर्न वाजवायचे, समोर कोणी असो नसो. डोळे भरून आले. सुकलाल समजूतदार, पॉलिश पेपर आणायला म्हणून आत गेला.

त्याचा एक नियम आहे — शेवटचा हात फक्त शुक्रवारी. गल्लीत दोन्ही बाजूंना पॉवरलूम. शुक्रवारी ते बंद असतात. बाकी सहा दिवस कापसाचे बारीक तंतू हवेत उडत असतात, ओल्या रंगावर बसले की निघत नाहीत. पीयू निदान लवकर धरतो. एनॅमल दुसऱ्या दिवसापर्यंत ओलाच.

घरी येऊन सांगितलं. निरंजनराव म्हणाले, शुक्रवारची वाट कशाला, मंगळवारीच उरकू. रिटायर झाल्यापासून ह्यांना एवढी घाई मी पहिल्यांदा पाहिली.

६ नोव्हेंबर

एनॅमलच. निर्णय झाला. कोणी घेतला ते विचारू नये.

१० नोव्हेंबर, सोमवार

एनॅमल तर एनॅमल, रंग तरी निळा असावा, हे सांगायला सुकलालकडे गेले. तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "ताई, साहेब तं बोलले, सहा महिने चमकली की बस. पुढचं घेणारा पाहील."

घेणारा कोण?

तर इंदूरचा कोणी शौकीन आहे, जुन्या गाड्या जमवतो. रविवारी बघायला येणार. सगळं ठरलेलं. गल्लीतल्या पेंटरला माहीत, मालकिणीला नाही!

एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता. चालतच घरी आले. चप्पल काढायच्या आधी विचारलं, "माझी गाडी मला न विचारता विकताय?"

तर म्हणतात, "चालवणार कोण आता?"

"तुम्ही. आजवर कोण चालवत होतं?"

ह्यांनी टीव्ही लावला, आवाज वाढवला. जूनपासून गुडघ्याचं निमित्त करून ह्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आणि आता गुडघ्यासाठी माझ्या बाबांची गाडी इंदूरला जाणार. किती नाजूक गुडघा!

कागदावर सही माझी लागते म्हणावं. माझं पेनही माझ्यासारखंच आहे, सांगितलं म्हणून चालत नाही.

११ नोव्हेंबर

मंगळवार. ह्यांनी समोर उभं राहून शेवटचा हात मारून घेतला. सुकलाल नको नको म्हणत होता. गल्लीभर लूमची खटखट.

१२ नोव्हेंबर

गाडीला केस आलेत.

खोटं नाही लिहीत. बॉनेटवर, टपावर, दारांवर — सगळीकडे बारीक पांढरी लव. सूर्यप्रकाशात तर फारच गोंडस दिसते. कुरवाळावंसं वाटतं. सुकलाल डोक्याला हात लावून बसलाय. मी मात्र येताना दराबा मिठाईचा पुडा घेऊन आले. निरंजनरावांना म्हटलं, तोंड गोड करा, स्वस्तात अंगावर शाल आली गाडीच्या.

हसले नाहीत. जेवलेही नाहीत नीट.

१६ नोव्हेंबर, रविवार

इंदूरकर आले. पांढरे बूट, गळ्यात कॅमेरा. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "आंटीजी, ये पेंट है या कंबल?"

चहाही न घेता गेले. मी फाटकापर्यंत सोडायला गेले, अगदी आग्रहाने.

१७ नोव्हेंबर

सकाळी ह्यांना सांगून टाकलं. गाडी विकायची नाही. सगळा रंग खरवडायचा, पीयू मारायचा, आणि तोही शुक्रवारी. वाद घालतील म्हणून चार मुद्दे तयार ठेवले होते. एकही वापरावा लागला नाही. "कर तुला हवं ते," म्हणाले.

दुकानातून शेडकार्ड आणलं. दाराच्या आतला रंग जुळवून दोन निळे काढले आणि ह्यांच्यापुढे धरले. बघितलंसुद्धा नाही. कार्ड उलटं ठेवून म्हणाले, "तूच निवड. तुला कळतं."

मला कळतं! लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर ही बातमी! पडदे, फरशी, माझ्या साड्या — सगळ्यांत ह्यांचं मत असायचं. हरलेला माणूस किती गोड बोलतो. पेढे वाटावेत का?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

लूम बंद. सिंधीपुऱ्याची ती गल्ली इतकी शांत असू शकते हे माहीत नव्हतं. फक्त कॉम्प्रेसरचा आवाज. सुकलालने आधी जमिनीवर पाणी मारलं, मग तोंडाला रुमाल बांधून दोन तास कोणाशी बोलला नाही. मी स्टुलावर बसून होते. दुपारी गाडी उन्हात काढली — बाबांनी शाहपुरला आणली होती ना, तशीच. निळी. मला रडू आलं आणि हसूही.

हे आले नाहीत. गुडघा.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुकलालने गाडी दारात आणून लावली. हे बाहेर आले. पायऱ्या सांभाळून उतरले, बॉनेटवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हिरवी निवडलीस होय? छान दिसते."

सुकलालने किल्ली माझ्या हातात दिली. तो गेल्यावर ह्यांना घरात नेऊन बसवलं आणि विचारलं. जूनमध्येच खंडव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, गाडी चालवू नका. पाच महिने हा माणूस गुडघा धरून बसला, मला बोलला नाही — आणि मी इथे काय काय लिहीत होते!

उद्या ड्रायव्हिंग शाळेत नाव घालणार आहे. माझं. भांडायचं ते नंतर भांडेन.