मॉक पोलच्या पन्नास चिठ्ठ्या

बाबूजी, यंदा मी केंद्राध्यक्ष होते. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. त्यानंतर माझी इलेक्शन ड्यूटी कधी चुकली नाही, पण दरवेळी मी यादीत नाव शोधणारी नाहीतर बोटाला शाई लावणारी. आपल्या आमदाराची जागा मध्येच रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली, आणि या खेपेला आदेशावर माझ्या नावापुढं तुमचं ते जुनं पद छापून आलं. कागद हातात पडला तेव्हा आधी तुमची आठवण आली आणि लगेच भीती वाटली. शाळेत सगळे म्हणाले, तुम्हाला काय भीती, तुमच्या तर रक्तातच आहे. रक्तात असतं तर प्रशिक्षणाला दोनदा कशाला गेले असते?

केंद्राचं गाव साकोलीच्या पुढं, जंगलाच्या कडेला. एरवी तिकडं कुणी ढुंकून बघत नाही, पण पोटनिवडणूक म्हटली की पंधरा दिवस मोठमोठ्या लोकांच्या गाड्या धूळ उडवतात आणि शाळेपर्यंतच्या रस्त्यावर मुरूम पडतो. तुमच्या वेळी दोन-तीन झेंडे आणि एखादा अपक्ष असायचा. आता मशीनवर चौदा उमेदवार, आणि त्यातले दोन मोठे पक्ष काल-परवापर्यंत एकच होते. त्यांचे दोन पोलिंग एजंट एका बाकावर बसले होते, एकमेकांकडं पाठ करून. मागच्या निवडणुकीत हेच दोघं एका मोटरसायकलवर प्रचाराला फिरत होते, असं मला आमच्या पहिल्या मतदान अधिकाऱ्यानं कानात सांगितलं. तो वरठीचा तरुण मास्तर, त्याला सगळी बित्तंबातमी असते.

तुमच्या काळात नव्हतं, म्हणून सांगते. खरं मतदान सुरू व्हायच्या आधी एजंटांसमोर मशीनवर पन्नास खोटी मतं टाकून दाखवायची. त्याला मॉक पोल म्हणतात. मशीनचा आकडा आणि शेजारच्या यंत्रात पडलेल्या कागदी चिठ्ठ्या जुळतात हे सगळ्यांनी बघायचं. मग मशीन कोरं करायचं, त्या पन्नास चिठ्ठ्या त्या यंत्राच्या पेटीतून काढून काळ्या पाकिटात घालायच्या, पाकिटाला सील लावायचं, रिकामी पेटी बंद करायची, आणि हे सगळं केलं असं लिहून त्याखाली सही करायची. मी आकडा वाचून दाखवला आणि त्या दोघांपैकी एक उठलाच. ‘माह्या उमेदवाराले चारच काहून? त्याच्यावाल्याले सात कसे?’ मी म्हटलं, ‘भाऊ, ही खोटी मतं आहेत.’ तर म्हणतो, ‘खोटी असतीन, पण सकाऱ्यासकाऱ्या अपशकून होते ना, म्याडम!’ दुसरा हसला. मग पहिल्यानं त्याला जुन्या पक्षाचं काहीतरी सुनावलं, दुसऱ्यानं त्याला गद्दार म्हटलं, बाहेरचा पोलीस आत आला. मी वर्गात ओरडते तशी ओरडले तेव्हा कुठं दोघं खाली बसले. घड्याळात सात वाजायला आठ मिनिटं होती. मी मशीन कोरं केलं, पेटी बंद केली, सील लावलं, सह्या घेतल्या आणि मतदान सुरू केलं.

नऊच्या सुमारास पेन शोधायला पिशवीत हात घातला आणि काळं पाकीट हाताला लागलं. रिकामं. पन्नास चिठ्ठ्या आत पेटीतच राहिल्या होत्या, आणि आता त्यांच्यावर खऱ्या मतांच्या चिठ्ठ्या पडत होत्या. त्या काढल्या असं मी माझ्या सहीनं लिहून दिलं होतं. वरठीच्या मास्तराला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, ‘म्याडम, कोणाले सांगू नका. चिठ्ठ्या मोजाले साऱ्या मतदारसंघातून पाचच केंद्रं काढतात. आपलंच निघंल काय? लिहून द्याल त निलंबन पक्कं.’ तो वाईट माणूस नाही, बाबूजी. माझ्या काळजीनंच बोलत होता.

आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. माझं नोकरीचं पहिलं वर्ष आहे. आई चुलीपुढं भाकरी करते आहे, शेजारच्या काकू तांदूळ निवडत बसल्या आहेत, आणि तुम्ही माझं हजेरीपत्रक चाळता आहात. मी एका दिवशीचा आकडा ब्लेडनं खरडून बदलला होता. चूक साधी, बेरजेची. तुम्ही ते पान उजेडापुढं धरलं आणि काकूंसमोर म्हणालात, ‘हे पाह्य, कागद पातळ झाला. पल्याडचं दिसून राह्यलं. चुकली त एक रेघ मार, बाजूले सही कर. झाकतेस कायले? मास्तरीण हायेस का चोर?’ त्या दिवशी मी जेवले नाही. तुम्ही समजूत काढायला आला नाहीत. त्या एका शब्दाचा राग मी तुमच्या मरणापर्यंत पुरवला, आणि हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. नाकाडोंगरीकडच्या निवडणुकीत एक मतपत्रिका हिशेबात कमी भरली म्हणून तुम्ही स्वतःच वर कळवलंत आणि नंतर कितीदा भंडाऱ्याला खेटे घातलेत, ही गोष्ट लोक मला कौतुकानं सांगायचे. मला मात्र वाटायचं, घरातल्या माणसाशी तरी जरा सैल वागायचं होतं.

अकरा वाजता मी आमच्या भागातल्या केंद्रांवर देखरेख करणाऱ्या झोनल साहेबांना फोन केला. ते आले, कपाळाला हात लावला, पेटी आता उघडता येणार नाही म्हणाले. मी एजंटांना जवळ बोलावून चूक सांगितली, केंद्राध्यक्षाच्या डायरीत लिहिली, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सकाळी भांडलेले दोघं आता एका सुरात ओरडले, त्या दिवसातली त्यांची एवढीच युती. मतमोजणीत चिठ्ठ्यांसाठी पाच केंद्रं निघाली, त्यात आमचं नव्हतं. न सांगते तर जगात कुणाला कळलं नसतं. मला कारणे दाखवा नोटीस आली, मी उत्तर दिलं, निलंबन टळलं, ताकिदीवर भागलं, असं मुख्याध्यापक हसत म्हणाले. मग शिक्षकांच्या सभेत त्यांनीच मला उभं केलं. ‘बापाची लेक’ म्हणाले. टाळ्या झाल्या. तुम्हाला ओळखणारे एक म्हातारे गुरुजी डोळे पुसत होते. मी हात जोडले आणि खाली बसले.

वर लिहिताना मी एक गोष्ट गाळली, बाबूजी. नऊ ते अकरा मी काहीच केलं नव्हतं. पाकीट पिशवीत खोल दाबलं होतं, आणि तुमचा तो शब्द आठवून तुमच्यावर चिडले होते, एवढंच. एका अपक्ष उमेदवाराचा एजंट, धोतर नेसलेला एक म्हातारा धानवाला शेतकरी, सकाळपासून एक अक्षर बोलला नव्हता. अकराला मतदारांची गर्दी थोडी ओसरली तसा तो माझ्या टेबलाजवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘बाई, त्या चिठ्ठ्या काढाच्या राह्यल्या ना? मी पाह्यलं. घाईत होते असं. मी काई कोणाले सांगत नाही, तुमीच सांगा.’ एवढं बोलून तो परत आपल्या जागेवर जाऊन बसला. मी बाहेर जाऊन फोन लावला तो त्यानंतर. सह्या घेताना त्यानंही मुकाट्यानं सही केली. सभेत मी त्याच्याबद्दल बोलले नाही, नोटिशीच्या उत्तरातही त्याचा उल्लेख नाही, आणि आईलाही ही गोष्ट त्याच्याशिवायच सांगितली.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिता आलं. तो उठून आला नसता तर मी फोन केला असता का, हे गेले कित्येक दिवस स्वतःला विचारते आहे. नसता केला, बाबूजी.