देगीत मीठ कुणी टाकायचं, याविषयी

मी, शेख मोहियोद्दीन शेख करीमोद्दीन, वय वर्षे बहात्तर, धंदा दावतीचा स्वयंपाक, राहणार रोशन गेट, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हातानं लिहितो. गुडघे गेलेत, साखर वाढलेली आहे, छातीत एक स्टेंट बसवलेला आहे, पण डोकं जागेवर आहे. मला कुणी दमदाटी केलेली नाही, की लाडीगोडी लावलेली नाही. लावली असती तरी मी ऐकलं नसतं, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल. माझं शिक्षण सिल्लोडला मराठी शाळेत सातवीपर्यंत झालं आणि वर्गात अक्षर माझं पहिलं होतं. ओवैसचं अक्षर वाईट आहे. ही नोंद आधीच करून ठेवतो, कारण पुढं त्याच्याबद्दल बरंच चांगलं लिहावं लागणार आहे आणि त्याआधी मला थोडं बरं वाटू द्यावं.

कलम १. गेल्या वर्षी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात माझ्या तांब्याच्या तिन्ही देगी, म्हणजे दावतीचे मोठे हंडे, मी एका दर्ग्याच्या लंगरला दिल्या होत्या. लोकांनी वाहवा केली. खरं कारण एवढंच होतं, की त्या ओवैसला मिळू नयेत. दानात नियत बघितली जाते आणि माझी नियत कुणाला दाखवण्यासारखी नव्हती.

कलम २. राहतं घर, घरातलं सामान आणि बँकेत जे असेल ते शरियतप्रमाणे माझी पत्नी मुनिरा, मुलगा उजैर आणि मुलगी कहकशा यांच्यात वाटलं जाईल. त्यात मी ढवळाढवळ करत नाही. मुनिराला एकच विनंती, की मी गेल्यावर माझी खुर्ची ओवैसला बसायला देऊ नये. ती मी असतानाही देते. कहकशानं आपल्या मुलाचं नाव ठेवताना आधी ओवैसला विचारलं आणि मला नंतर कळवलं, ते मी अजून माफ केलेलं नाही. तिच्या वाट्यात मात्र त्यामुळं काही कमी होत नाही.

कलम ३. वकील तनुजाताईंनी समजावून सांगितलं, की वारसांखेरीज दुसऱ्या कुणाला द्यायचं तर मला माझ्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच मुभा आहे. माझ्या तिन्ही देगी आणि धंद्याचं बाकी सामान त्या हद्दीत आरामात बसतं. उजैरला ते नको आहे. तो वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे आणि त्याला धुरानं खोकला येतो. आमच्या धंद्यात देगी ज्याच्या, वस्ताद तो. तेव्हा माझ्यामागं वस्ताद कोण, एवढंच मला या कागदावर ठरवायचं आहे. त्यासाठी दोन वर्षं झोप लागलेली नाही.

कलम ४. ओवैस कोण, ते लिहितो. तो खुलताबादचा. बावीस वर्षांपूर्वी त्याचं चपलांचं दुकान बसलं आणि तो माझ्याकडं कांदा चिरायला आला. नानचं पीठ मळायला त्याला मी शिकवलं, तंदूरची आच ओळखायला मी, भाजलेल्या नानवर गुळाचं पाणी फिरवायलाही मीच. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत सुटतो, त्यामुळं मला सांगायची संधी मिळत नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी उजैरच्या कंपनीनं त्याला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. परत आल्यावर जेवताना तो म्हणाला, "अब्बा, चांगला लीडर रोज स्वतःला प्रश्न विचारतो." मी म्हणालो, "स्वतःशी बोलणाऱ्याला आपल्याकडं डॉक्टरला दाखवतात." सगळे हसले. ओवैस त्या दिवशी जेवायला होता, तो हसला नाही. त्यानं उजैरकडून प्रश्नांचा कागद मागून नेला. त्यात चाळीसेक प्रश्न होते. त्यानं तीन ठेवले आणि आपल्या बोलीत आणले.

दावत उरकली, देगी रिकाम्या झाल्या, की घासायला घेण्याआधी आमची माणसं चहाला बसतात. तिथं ओवैस हे तीन प्रश्न मोठ्यानं विचारू लागला. दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच. आज मी कुणाचं ऐकलं नाही? जे चांगलं झालं ते कुणामुळं झालं, आणि मी त्याचं नाव घेतलं का? उद्या मी आलो नाही तर काय अडेल, आणि ते मी का अडवून ठेवलंय? उत्तरंही तोच द्यायचा. "भागूबाई पीठ सैल झालंय म्हणत व्हती, मी ऐकलं नाय. पयले पन्नास नान माझ्यामुळं बिघडले." भागूबाई पीठ मळते. ती लाजून पदर तोंडावर घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी घंटाभर आधी यायची.

मला वाटलं, गेली याची इज्जत. झालं उलटंच. चूक व्हायच्या आधीच लोक त्याला येऊन सांगायला लागले. मी जवळ आलो की बोलणं थांबायचं, तो आला की सुरू व्हायचं. दावतीचा फोन माझ्या मोबाइलवर यायचा आणि पलीकडचा विचारायचा, "ओवैसभाई असणार ना?" माझ्या छातीत जळजळायचं. गोळ्या घेतल्या. मुनिरा म्हणाली, "ॲसिडिटी-बिसिडिटी काही नाय तुमाला. तुमी त्याच्यावर जळताय." पन्नास वर्षांच्या संसारात तिनं इतकं बरोबर निदान दुसरं केलेलं नाही.

मीही एकदा ते प्रश्न स्वतःला विचारून पाहिले. मोरीचं दार लावून, नळ सोडून. तिन्ही उत्तरं माझ्या बाजूनं आली. तेव्हा मी ठरवलं, की या प्रश्नांतच काही दम नाही.

कलम ५. आता पारूबाई. ती आमच्याकडं एकोणीस वर्षं मसाला वाटायला होती. आमच्या कामात रमजान अवघड जातो, कारण सगळे रोज्यात असतात, मग खलियाची, म्हणजे नानबरोबरच्या मटणाच्या रश्श्याची, चव बघणार कोण? ते काम पारूबाईचं. ती चमचाभर रस्सा तळहातावर घ्यायची, चाटायची आणि मान हलवायची. तिनं मान हलवल्याशिवाय रमजानात आमची देग पंगतीत गेली नाही. दुसरा एक नियम होता, तो माझा. मीठ फक्त वस्तादानं टाकायचं, आणि मीठ पडत असताना कुणी तोंड उघडायचं नाही, कारण वस्ताद ओंजळी मोजत असतो.

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानात खुलताबादला सहाशे माणसांची इफ्तार होती. मी देगीत मीठ टाकलं. तेवढ्यात यजमानाचा फोन आला. नान किती लागतील, असं त्यानं विचारलं आणि मी आकडा सांगायच्या आत म्हणाला, "असू द्या, ओवैसभाईलाच विचारतो." फोन ठेवून मी त्याच रागात देगीकडं आलो आणि पुन्हा मिठात हात घातला. पारूबाई म्हणाली, "वस्ताद, मीठ पडलंय मघाच." मी तिच्यावर खेकसलो, "मीठ पडताना बोलायचं नाय, कितीदा सांगायचं?" आणखी तीन ओंजळी पडल्या. नंतर ती चव बघायला आली तेव्हाही मी तिला बाजूला केलं. ओवैस आणि बाकीचे पलीकडं तंदूरवर होते. आमचं बोलणं आम्हा दोघांखेरीज कुणी ऐकलं नाही.

दिवसभराच्या उपाशी माणसांनी पहिला घास घेतला आणि पाणी मागायला सुरुवात केली. यजमान धावत आला. हे कसं झालं, असं त्यानं विचारताच मी सगळ्यांदेखत बोट दाखवलं आणि म्हणालो, "चव हिनं बघितली." पारूबाईनं माझ्याकडं पाहिलं, हात धुतले आणि बसस्टँडचा रस्ता धरला. पुन्हा कामावर आली नाही. तिच्या घरी लसूण सोलायला पाठवायची व्यवस्था ओवैसनं केली, मला न विचारता.

त्या दिवशीच्या चहाला ओवैस उभा राहिला आणि म्हणाला, "मी आज तंदूर सोडून देगीकडं एकदाबी आलो नाय. चूक माझी हाय." लोकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. चूक माझी होती, आणि तीही त्यानं नेली. तिथंच उठून सांगायला हवं होतं. मला लाज कमी वाटली आणि जळफळाट जास्त झाला. खरं आहे म्हणून लिहितो.

कलम ६. तिन्ही देगी, पाच कफगीर म्हणजे लांब दांड्याचे पळे, पितळी पराती आणि धंद्याचं नाव मी ओवैसला देतो. 'प्रेमानं देतो' असं लिहिलं होतं, ते खोडलं. तो मला अजूनही बघवत नाही. माझ्या हाताखाली माणसं घाबरून सरळ राहायची, त्याच्या हाताखाली ती आपणहून राहतात, आणि या दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी चाळीस वर्षं समजत होतो. माझ्यामागं माणसं त्याच्याकडंच जाणार आहेत. देगी माणसांबरोबर जाव्यात.

कलम ७. मिठाचं माप मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. उद्या मी आलो नाही तर हेच अडेल, आणि ते मीच अडवून ठेवलं होतं. मोठ्या देगीला तीन ओंजळी, माझ्या हाताच्या. ओवैसचा पंजा माझ्यापेक्षा मोठा आहे, हेही मला सलतं. त्यानं अडीच घ्याव्यात. मीठ पडताना बोलायची बंदी मी या कलमानं उठवतो.

कलम ८. पारूबाईला या मृत्युपत्रानं काहीही दिलेलं नाही. तिला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असं तनुजाताई सांगतात. तिलाच बोलावण्यामागं माझा हेतू असा, की कलम पाच तिच्या कानावर पडावं आणि तिच्या तोंडाकडं बघून मला वेगळी माफी मागावी लागू नये.

नोंद. वरील मजकूर दिनांक ११ जानेवारी २०२६ रोजी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. लाकडाच्या वखारीच्या रामकिसननं सही केली. पारूबाई ऐकून म्हणाली, "ह्ये तुमी मेल्यावर वाचत्याल. समद्यांच्या म्होरं मला खोटं पाडलं तवा तुमी जित्ते व्हता." आणि अंगठा न देता निघून गेली. सबब हे मृत्युपत्र त्या दिवशी पुरं झालं नाही.

आज सिल्लोडला लग्नाची दावत होती. पारूबाईला मी निरोप धाडला होता. येईल असं वाटलं नव्हतं, पण आली आणि भागूबाईशेजारी बसली. चहा वाटून झाल्यावर ओवैस प्रश्न विचारायला उठला, तेव्हा मी म्हणालो, "थांब, मी विचारतो." पहिलाच प्रश्न विचारला, कुणाचं ऐकलं नाही. मग उत्तर दिलं. "पारूबाईचं. खुलताबादला मीठ मी दोनदा टाकलं. हिनं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, आणि वर आळ हिच्यावर घेतला." मग आता काय करायचं म्हणून सगळ्यांनी ओवैसकडं पाहिलं. त्या वेळीसुद्धा मला ते लागलं. ओवैस थोडा सरकला आणि सतरंजीवर माझ्यासाठी जागा केली. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नापर्यंत मी पोचलो नाही.

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १८ जानेवारी २०२६

सही : शेख मोहियोद्दीन शेख करीमोद्दीन

साक्षीदार पहिला : रामकिसन, लाकडाची वखार, रोशन गेट. सही.

साक्षीदार दुसरी : पारूबाई, डाव्या हाताचा अंगठा. अंगठा घेताना मी तिला विचारलं, की रमजान महिन्यावर आलाय, चव बघायला येशील का? शाई पदराला पुसत ती म्हणाली, "ओवैसभाईला इचारून सांगते."