परवा

१२ नोव्हेंबर १९८८, शनिवार

'मला फार गप्प माणसं चालत नाहीत,' असं हे मला बघायला आले तेव्हा म्हणाले होते. सगळ्यांसमोर. सासूबाई अवघडल्या, मी मात्र हसले. आज डॉक्टरांकडून रिक्षाने येताना ते आठवलं. शेजारी हे, मांडीवर हात ठेवून. अंबरनाथ स्टेशन ते घर, एक शब्द नाही.

डॉक्टर म्हणतात, डोक्याचा मार भरून आलाय. नावं येतात, क्रियापदं येत नाहीत. चहा. पंखा. मुक्ता. पण 'दे', 'लाव', 'ये' नाही. कारखान्यात टाकी फुटली तेव्हापासून असंच. मी शाळेत मराठी शिकवते, गोष्टी लिहिते, आणि माझ्याच घरात वाक्य पुरं होत नाही.

'हाताला काम द्या,' म्हणाले डॉक्टर. कसलं काम ते नाही सांगितलं.

१३ नोव्हें.

सुधीर आला. माझा धाकटा दीर. अमेरिकेतून, नाताळापर्यंत राहणार. मुक्तासाठी खोका आणलाय. जोडायचं रॉकेट. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख, प्लॅस्टिकचं टोक, पॅराशूट. तीन इंजिनं त्याने मोज्यांत गुंडाळून आणली. 'कस्टमवाल्याला मेणबत्त्या म्हणून सांगितलं, वहिनी.'

मुक्ता म्हणाली, 'काका, मी बारावीत आहे. बाहुली तरी आणायचीस.'

पण ह्यांनी खोका ओढून घेतला. नळी डोळ्याला लावून आत बघत बसले. बराच वेळ.

१७ नोव्हें., गुरुवार

सूचनांचा कागद इंग्रजीत. मी मराठी करून दिला. करताना लक्षात आलं, सगळी क्रियापदंच. कापा. घासा. चिकटवा. वाळू द्या. मुक्ता मोठ्याने वाचते, हे करतात. 'घासा, बाबा, घासा.' पॉलिशपेपरचा आवाज सगळ्या घरात. हात अजिबात थरथरत नाहीत. जेवताना थरथरतात.

पॅराशूटचं प्लॅस्टिक घडीवर फाटलेलं निघालं. मुक्ता कॅम्प तीनच्या कापडबाजारात जाऊन अस्तराचा तुकडा घेऊन आली. दुकानदार म्हणे, 'बेटी, इतने में तो गुड़िया का पेटीकोट भी नहीं बनेगा.'

१९ नोव्हें., शनिवार

तिसरा पंख चिकटवताना हे थांबले. मान वर. म्हणाले, 'आवाज.'

'कसला?'

रस्त्याकडे बोट. 'आवाज.'

'कधी झाला?'

'परवा.'

गुरुवारी तर काहीच झालं नव्हतं. मी म्हटलं, बरं.

२१ नोव्हें., सोमवार

संध्याकाळी कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर फुटला. खिडक्या थरथरल्या, सगळी आळी अंधारात. मी धावत बाहेरच्या खोलीत गेले. वाटलं, टाकीनंतर हा आवाज, आता ह्यांचं काय होईल. मेणबत्ती लावली. हे पंखावर डिंकाचं बोट फिरवत बसलेले. दचकले नव्हते. आधीच ऐकून झाल्यासारखे.

शनिवारचा तो शब्द आठवला. आपल्या भाषेत हा एकच शब्द मागेही जातो नि पुढेही. होता की असेल, हे क्रियापदाने ठरतं. आणि ह्यांच्याकडे...

उगाच. योगायोग आहे.

४ डिसेंबर, रविवार

आज उडवलं.

बदलापूरच्या पुढे, नदीच्या अंगाला, सुधीरच्या मित्राच्या ओळखीतली शेतं. भात कापून झालेलं, कुठे कुठे वाल लावलेले. दांडा रोवला, तारा जोडल्या. मुक्ताने उलटे आकडे म्हटले, सुधीरने बटण दाबलं. फुसकन् आवाज, आणि ते दिसेनासं झालं. मग टप्प करून वर गुलाबी ठिपका. अस्तराचं पॅराशूट.

आणि हे म्हणाले, 'उघडलं!'

क्रियापद. मुक्ता रडायला लागली. सुधीर ओरडतोय, 'दादा, परत बोल, परत!' परत नाही बोलले, पण हसत होते. मी नुसती चिखलाच्या ढेकळावर बसून राहिले.

६ डिसें.

दोन दिवस 'उघडलं', 'उघडलं'. दार उघडलं. डबा उघडला, हेसुद्धा, बरोबर लिंगात. डॉक्टरांना फोनवर सांगितलं. म्हणाले, जे करताय ते चालू ठेवा. दोन इंजिनं उरलीत.

११ डिसें., रविवार

दुसरं उड्डाण. जागा तीच.

गेलं. पण टप्प झालं नाही. आम्ही तिघं माना वर करून उभे. मघापर्यंत घारी फिरत होत्या, त्याही नव्हत्या. कुठूनही कसलाच आवाज नाही, पाखराचासुद्धा. कानात बोटं घातल्यासारखं. रॉकेट पडतानाही दिसलं नाही.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते वर बघतच नव्हते. समोर वालाच्या ओळीत एका जागेकडे बघत होते. तिथे काही नव्हतं, मी जाऊन पाहिलं.

'गेलं,' म्हणाले. दुसरं क्रियापद. आनंद व्हायला हवा होता.

मुक्ताने विचारलं, 'बाबा, कुठे पडलं?'

'वाल.' थांबून, 'परवा.'

सुधीर हसला. 'आज, दादा. आज पडलं.'

अंधार पडेतो शोधलं. मिळालं नाही.

१३ डिसें., मंगळवार

शाळेत रजा टाकली. सुधीरला म्हटलं, चल, अजून एकदा बघू. का ते सांगितलं नाही.

शेताची मालकीण, जनीबाई, बांधावरच उभी. 'ताई, तुमचा बाण गावला.' वालाच्या ओळीत उभाच्या उभा रुतलेला. तीच जागा.

'परवापासून इथेच असेल,' सुधीर म्हणाला.

'नाय ओ. काल सांजपर्यंत मी हितंच वाल खुडत बसलेली. माझे डोळे काय फुटलेत?'

नळी हातात घेतली. कोमट होती. सुधीर म्हणाला, उन्हानं. सकाळची वेळ, वालाची पानं दवाने ओली.  परतताना तो रिक्षात नुसता नळीवरची माती खरवडत होता.

जनीबाई जाताना म्हणाली, 'परत नका उडवू हितं.' मग आपल्याच बोलण्याला हसली नि दोन मुठी शेंगा माझ्या ओच्यात टाकल्या.

१४ डिसें., बुधवार

मुक्ता आज जेवायला घरी नव्हती, कॅम्प तीनला मैत्रिणीकडे. तिच्या ताईचं केळवण. आम्ही तिघंच. मंगळवारचं सुधीर नि मी कुणाला सांगितलेलं नाही. 'वालात सापडलं,' एवढंच.

ह्यांनी स्वतःहून वाढून घेतलं. म्हणाले, 'भात गेलं.' चुकीचं, पण क्रियापद. भात संपला, असं म्हणायचं होतं. तिसरं इंजिन वापरलं तर काय काय परत येईल, हा विचार मनातून जात नाही.

१६ डिसें., शुक्रवार

रविवारचं ठरलं. या वेळी बटण मुक्ता दाबणार. तशी अट घातलीय तिने. 'दोनदा काकाने दाबलं. खोका माझ्यासाठी आणलेला ना?'

आत्ता जेवताना. मुक्ता पाणी आणायला आत गेलेली. ह्यांनी तिच्या ताटावर बोट ठेवलं. 'मुक्ता. नाही.'

घास तोंडातच राहिला. 'नाही म्हणजे? कधी?'

'परवा.'

परवा ती नव्हतीच. बुधवारी, केळवणाला. ताट मांडलेलं नव्हतं. तेवढंच म्हणायचं असेल. मी जवळ जाऊन हळू विचारलं, 'नव्हती, की नसेल?' ओठ हलले. कपाळावर शीर आली. पुन्हा विचारलं, 'नव्हती? का नसेल? मान तरी हलवा.' डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. शब्द आला नाही. मान दोन्हीकडे हलली.

मुक्ता तांब्या घेऊन आली. 'काय झालं बाबांना? तिखट लागलं?'

सुधीरला गॅलरीत बोलावून सांगितलं. तो म्हणाला, 'वहिनी, तुम्ही गोष्टी लिहिता म्हणून असं सुचतं.' वालाच्या शेताबद्दल विचारलं तर सिगरेट पेटवत राहिला. मग म्हणाला, 'रविवारी नाही उडवलं आणि दादाचं बोलणं इथेच थांबलं, तर? ते तुम्हाला झेपेल?'

नाही झेपणार. सतरा वर्षांची पोर आणि दोन क्रियापदं, असं तराजूत घालायचं असतं का? पण घालतेय.

बाहेरच्या खोलीत मुक्ता तारांची टोकं घासतेय. हे शेजारी बसलेत, तिचं बघत. ती त्यांना शिकवतेय, 'दाबलं, बाबा. म्हणा, मुक्ताने दाबलं.' आणि ते म्हणायचा प्रयत्न करताहेत. ऐकू येतंय मला. 'मुक्ता... मुक्ता...'

ही वही मिटून उठणार आहे. तिला स्वयंपाकघरात बोलावणार. कारण विचारेल, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. 'आई, तू पण ना,' म्हणेल, आणि परत तारा घासायला बसेल. तरी म्हणणार आहे. मुक्ता, रविवारी तू शेतावर येऊ नकोस. घरी राहा. माझ्यासाठी.