मंदाने केलेले पत्ते

१२ नोव्हेंबर १९६७, राई

आलो एकदाचा. भाईंदर स्टेशनपासून टांगा केला. ट्रंक, वळकटी आणि स्टोव्ह एवढंच सामान बघून टांगेवाल्यानं विचारलं, मंडळी मागून येणार का. मी हो म्हणून टाकलं. उगाच त्याचा दिवस कशाला खराब करा!

जागा मात्र झकास आहे. मिठागरावर कारकुनी, मालक मुंबईला, म्हणजे इथे मीच राजा. कृष्णाबाई कोळणीच्या घरामागची खोली मिळाली. चूल, मोरी, पुढे छोटी पडवी, आणि पडवीतून खाडीपर्यंत नुसते मिठाचे वाफे. कृष्णाबाई एकट्याच राहतात. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. मी रत्नागिरीचा कळल्यावर त्यांनी सुकटीची वाटी पाठवली आणि जेवण होईपर्यंत कशी झाली म्हणून विचारत राहिल्या. खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

१५ नोव्हेंबर

ट्रंकेच्या तळाशी मंदाचं निळं पातळ होतं. त्यात पत्ते सापडले. मला वाटलं होतं, तिच्या आजारपणात कुठेतरी गेले.

हा काही साधा पत्त्यांचा कॅट नव्हे. राजा नाही, राणी नाही. मंदा अध्यापिका विद्यालयात शिकत होती तेव्हा साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तिनं हे पत्ते केले. प्रत्येकावर एक प्रश्न. वर्गातल्या मुलींनी स्वतःच्या मनात जरा डोकावावं म्हणून. मुलींनी किती डोकावलं देव जाणे, पण लग्नानंतर माझी सुटका नव्हती. जेवणं झाली की एक पत्ता ओढायचा, मोठ्यानं खरं उत्तर द्यायचं आणि पत्ता उपडा ठेवायचा. मी थापा मारायचो. तिला लगेच कळायचं.

विषमज्वरानं गेली, त्याला वर्ष होत आलं. पातळ नाकाशी धरून बसलो. रडलो. लिहायला कसली लाज?

१७ नोव्हेंबर

काल एक पत्ता ओढला. ‘कुणाचा आवाज ऐकावासा वाटतो?’ मोठ्यानं सांगितलं, मंदाचा. थोडा घोगरा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. उपडा ठेवला.

आज वाफ्यांवरून येताना तो आवाज आठवायला गेलो. येईना. खूप प्रयत्न केला. संध्याकाळी भात उतू चालला होता, तेवढ्यात पडवीतून कुणी म्हणालं, अहो, झाकण काढा. आवाज ओळखीचा नव्हता. पण मला अहो म्हणणारं जगात एकच माणूस होतं. धावत बाहेर गेलो. कुणी नाही.

जेवलो नाही. आनंदानं.

२० नोव्हेंबर

‘कुणाचा हात हातात हवा?’ हेही सांगितलं. सकाळी पडवीत माझा सदरा धुऊन वाळत घातलेला. झटकून, कॉलर ओढून. तिचीच पद्धत असणार. असणार म्हणतोय, कारण तिचे हात कसे होते ते आता मला सांगता येत नाही.

हिशेब कळला. मी जे सांगतो ते तिला मिळतं, आणि माझ्याकडून जातं. जाऊ दे. नुसती आठवण घेऊन मी काय करू? मला ती हवीय.

२३ नोव्हेंबर

कृष्णाबाई सकाळीच आल्या. चेहरा उतरलेला. काल सांजेला त्यांनी माझ्या पडवीत कुणाला तरी पाहिलं.

“बाय बसली व्हती, भाऊ. रडत व्हती. पन तिला तोंडच न्हाय.”

मी पत्त्यांचं सगळं सांगितलं. पत्ते खाडीत टाक म्हणाल्या. मी नाही म्हटलं. माझी बायको तशी बाहेर बसलीय. तोंड नाही. रडते कशानं, ते तरी कसं कळणार—

२४ नोव्हेंबर

‘डोळे मिटले की कुणाचा चेहरा दिसतो?’

सांगितला. भुवईवरचा व्रण. वाकडा दात. हनुवटीवरचं गोंदण. हळूहळू सांगितलं, पुरवून पुरवून. शेवटी व्रण कुठल्या भुवईवर ते—

२५ नोव्हेंबर

लग्नाचा फोटो काढून बघितला. मी कोटात. शेजारी कुणी बाई. मंदाच असणार, दुसरं कोण असेल?

कृष्णाबाई लांबूनच पडवीत बघून म्हणाल्या, तुझी बायको देखणी हाय रं. आता त्या पडवीकडे येत नाहीत.

मी दार उघडलं. एक अनोळखी बाई माझ्याकडे बघून हसली. मी घाबरून कडी लावली. माझ्याच बायकोला घाबरलो.

२६ नोव्हेंबर

ती उंबऱ्यापर्यंत येते. आत येता येत नाही तिला. दिवसभर उभी आहे.

बाकीचे सगळे सांगून झाले, एकच पत्ता उरलाय. ‘तुझं कोण आहे?’

अजून ठाऊक आहे मला. मंदा. माझी मंदा. हे सांगितलं की ती आत येईल. मी विसरेन, पण ती कुठे विसरणार आहे? तीच सांगेल मला सगळं. समोर बसवून सांगेल. मी तिचा आहे एवढं तिला ठाऊक असलं म्हणजे—

सांगतो. देवा, सांगतो—

२७ नोव्हेंबर

दुपार. दारात कुणी बाई आलीय. कडी घातलीय मी.

आत येऊ का म्हणते. माझं नाव ठाऊक तिला. मला वरणात गूळ चालत नाही, तेही— कृष्णाबाई बाजारात गेल्यात. हाक कुणाला मारू?

कुणाकडे आलात विचारलं. नाव मंदा सांगते. मी मंदा नावाच्या कुणालाच ओळखत नाही, तसं सांगितलं. मग रडायला लागली. दार वाजवत राहिली.

थांबली.

फटीतून बघितलं. बांधावरून खाडीकडे चाललीय. भरती आहे तिकडे. वळून वळून बघते— मला का रडू येतंय, ओळख ना पाळख— कुणीतरी थांबवा तिला. कसली घरची माणसं हिची, अशी एकटीला—