साइड इफेक्टची हजेरी

हेरॉन फॉल्स, मिनेसोटा

प्रिय ऑर्विलकाका,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं आधी लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं काय ते खाली येतंच. तुमचा गुडघा कसा आहे? (टीव्हीवाल्यांना कळू देऊ नका, लगेच त्याची गोळी काढतील.) फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि ठेवून देता.

पत्र बाबांबद्दल आहे, पण सुरुवात टीव्हीपासूनच करावी लागेल. पेपर मिल बंद झाल्यापासून बाबा खुर्चीत आणि समोर टीव्ही. संध्याकाळच्या बातम्या म्हणजे चिमूटभर बातम्या आणि मध्ये औषधंच औषधं. डॉक्टरने लिहून द्यायची औषधं ना ती, मग आम्हाला कशाला दाखवता? "तुमच्या डॉक्टरांना विचारा" म्हणे. म्हणजे डॉक्टरला आम्ही शिकवायचं! सगळ्यात डोक्यात जाते ती झेल्व्हिडो. कोपरावरच्या खपल्यांची गोळी. ती घेतली की माणूस होडीत बसून हसायला लागतो, बायको हसते, कुत्रा हसतो. आणि ही मंडळी हसत असताना मागून एक जण साइड इफेक्ट वाचत सुटतो, जशी काही त्याची बस चुकतेय. मी इतका वैतागलो की चॅनेलला पाठवायला एक जबरदस्त अर्ज लिहिला (सोबत जोडलाय, सही करा), आणि एक खेळ काढला. तो माणूस यादी वाचेल तशी आपण हजेरी द्यायची. ज्याला जे होत असेल त्याने "हजर!" ओरडायचं. आपली धाकटी ब्रिटा तर खूशच. शाळेत ती इतकी हजर कधीच नसते. तोंड कोरडं पडणं, हजर. पोटात गॅस, हजर (हे ती आईकडे बोट दाखवून ओरडते).

परवा जेवताना बाबाही खेळले. काय आनंद झाला म्हणून सांगू! कित्येक दिवसांत मीठ मागण्यापलीकडे ते बोलले नव्हते. झोप न लागणं? "हजर." भूक मरणं? "हजर." कशातच मन न लागणं? "हजर." ब्रिटा म्हणाली, "बाबा, चीटिंग! तुम्ही गोळी घेतच नाही." तर म्हणाले, "फुकटात होतंय, मग गोळीला पैसे कशाला घालू?" आम्ही हसून हसून लोळलो. मग तो माणूस म्हणाला, जीव देण्याचे विचार. बाबा म्हणाले, "हजर."

तशाच आवाजात, काका. गॅसला म्हणावं तसं. ब्रिटा हसतच होती. आईचा हात भांड्यातच राहिला. होडी गेली, ट्रकची जाहिरात आली, आणि बाबा म्हणाले, "बटाटे इकडे सरकव."

नंतर गॅरेजमध्ये गाठलं. म्हणाले, "खेळ होता रे. ठीक चाललंय." आता तुम्हा लोकांचं "ठीक" मला माहीत आहे. आजोबांचं बोट करवतीत गेलं तेव्हा तेही ठीकच होते, फक्त बोट कुठे पडलंय ते शोधत होते. आई म्हणते, बाहेर अवाक्षर काढू नकोस. चर्चच्या बायका घरून शिजवलेल्या हॉटडिशची भांडी घेऊन दारात रांग लावतील, आणि एकेकीचे आभार मानण्यापेक्षा बाबांना मेलेलं परवडेल. (असं बोलून गेली आणि मग सिंकपाशी उभी राहून रडली.)

शेवटी मी त्या जाहिरातीचंच ऐकलं. असं काही वाटलं तर ताबडतोब डॉक्टरांना कळवा, असं तो माणूस म्हणतो ना, म्हणून कळवलं. क्लिनिकमधली बाई म्हणाली, "कुठलं औषध चालू आहे त्यांना?" म्हटलं, कुठलंच नाही. "अहो, मग साइड इफेक्ट कशाचा?" म्हटलं, "मिलचा असेल." तिने गपचूप फोन नर्सकडे दिला. नर्स चांगली निघाली, एक शब्द घाईत बोलली नाही. पुढच्या गुरुवारची वेळ दिली, आणि त्याआधी जरा जरी भीती वाटली तरी सरळ इमर्जन्सीत आणा म्हणाली. बाबा म्हणतात, मी नाही येणार, मला कुठे खपल्या आहेत?

तर काका, तेवढी अर्जावर सही करून पाठवा. मोठ्या माणसाची सही असली की वजन पडतं. काकूंना नमस्कार.

तुमचा,
अँडर्स

ता. क. सहीचं राहू दे. तुम्हीच या, गुरुवारच्या आत. माझं ते ऐकत नाहीत. तुम्ही गाडीत बस म्हणालात की बसतील, कुठे चाललोय तेही विचारणार नाहीत. हे पत्र मी घरात कुणालाही न सांगता लिहिलंय. पाकिटावरचा पत्ता आईच्या अक्षरात कसा, ते मलाही विचारू नका.

ता. ता. क. नर्सने आणखी एक विचारलं होतं, ते वर लिहिलं नाही. घरात बंदुका आहेत का? आपल्याकडे कुणाच्या घरात नसतात, काका? हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय. तुमची बिघडली म्हणा आणि बाबांकडे मागा. एक नका नेऊ, सगळ्या न्या, गोळ्यांसकट. आणि हंगाम संपला तरी परत आणू नका, विसरलो म्हणा. बाबा आठवण करून देणार नाहीत. त्यांना स्वतःची वस्तूसुद्धा मागायची लाज वाटते.