दुसऱ्या प्रतीचा कुपा

ता. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दाजींचा गुडघा आता वाकतो हे वाचून बरं वाटलं. इकडे मी, होडी आणि माझा खलाशी, तिघंही खुशाल. फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण आमच्या धक्क्यावर आलेल्या नव्या तपासनीस बाई.

तुला कल्पना यावी म्हणून सांगतो. डॉल्फिन उड्या मारताना दिसले की त्यांच्याखाली पिवळ्या परांचा कुपा असतो. तुमच्याकडे टूना म्हणून डब्यातून येतो ना, त्याच्यातलाच हा. गळाला आमिष म्हणून माकूल लावायचं, दोर सोडायचा आणि मासा लागला की हातानेच ओढायचा. काल लागला तो माझ्या छातीला येईल एवढा होता. पाठ गर्द निळी, कडेने सोन्याचा पट्टा, आणि वरखाली कोयत्यासारखे लांब पिवळे पर. ओढता ओढता तळहात सोलून निघाले. धक्क्यावर आणला, तर बाईंनी त्याच्या अंगात एक बारीक पोकळ सळई खुपसली, आतलं चिमूटभर मांस काढलं, बोटांत चोळलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाल्या, दुसरी प्रत. हंगाम सुरू झाल्यापासून माझ्या प्रत्येक माशाला हेच! पहिली प्रत म्हणजे कच्चा खाण्याजोगा मासा, दुसरी तव्यावर टाकण्याजोगी, आणि तिसरी जाते डब्यात. शेजारच्या होडीच्या तांडेलाला धड गाठ मारता येत नाही, पण त्याला मात्र पहिली.

बाईंच्या हातात बोटं कापलेले लोकरी हातमोजे, कानामागे पेन्सिल. हसताना कधी दिसल्या नाहीत. दुपारी बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर एकट्याच डबा खातात. डब्यात रोज उकडलेली अंडी. रोज! मासे तपासणाऱ्या बाईने अंडी खावीत, याला काय म्हणावं? काल थंडी होती तर त्यांनी निळा मफलर गुंडाळला होता. असो, मला काय त्याचं.

बसच्या ड्रायव्हरबरोबर कुप्याचा एक तुकडा बर्फात घालून पाठवतो आहे. दाजींना नमस्कार सांग, आणि या धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
रेंगाळ्या

*

ता. १२ नोव्हेंबर

चि. रेंगाळ्यास,
अ. उ. आ.

तुकडा पोचला. लाल भडक मांस बघून मला वाटलं ड्रायव्हरने चुकून दुसऱ्या कुणाची पिशवी दिली. इतकं लाल म्हणजे शिजायला वेळ घेणार, असा हिशेब करून मी ते कुकरला लावलं आणि शिट्ट्या मोजायचं सोडून शेजारणीशी बोलत बसले. उघडलं तर आत लाकूड. ह्यांची कवळी त्यात रुतून बसली. मांजराने हुंगलं, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि निघून गेलं. आता कळलं तुला दुसरी प्रत का मिळते. तुझा मासा वाईट असणार, माझा स्वयंपाक वाईट असणं शक्यच नाही.

तुझं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांच्या गुडघ्याला एक ओळ, माशाला थोडी जागा, आणि बाकी सगळ्या बाई. त्यांच्या डब्यात काय असतं हे तुला कसं कळलं रे? आणि मफलर निळा होता की आकाशी, तेही पुढच्या पत्रात नक्की कर. तुझे दाजी म्हणतात, ही तक्रार नव्हे, हा आजार आहे.

तुला रेंगाळ्या हे नाव मीच ठेवलं, आणि उगीच नाही ठेवलं. शाळेत निघायचास तो रस्त्यातल्या प्रत्येक कुत्र्याची विचारपूस करत. पुढे छत्रीवाल्यांच्या मुलीने दोन पावसाळे तुझी वाट पाहिली. तू मागणी घालायला गेलास तेव्हा त्यांच्या अंगणात लग्नाच्या खुर्च्या मांडत होते, आणि तू त्या मांडायला मदत करून घरी आलास! तेव्हा मी हसले होते, पण खरं सांगू, त्या दिवसापासून तुझी काळजी कधी सुटली नाही. आता पन्नाशी उलटली. एकट्याने जेवणारी दोन माणसं एकाच धक्क्यावर, आणि मध्ये फक्त एक मासा आहे.

तब्येतीला जप. राग धरू नकोस, आणि धरलास तरी पत्र धाड.

तुझी,
ताई

*

ता. २३ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातल्या कुठल्याही आरोपाला मी उत्तर देणार नाही. मफलर आकाशी आहे.

कुकरची गोष्ट मी बाईंना सांगितली. केवळ माहिती म्हणून. ताई, त्या हसल्या! इतक्या हसल्या की पेन्सिल खाली पडली. मग त्यांनी रीत सांगितली, ती लिहून कळवतो. तवा धूर येईपर्यंत तापवायचा. तुकड्याला तेल, मीठ, मिरपूड चोळायची. एका बाजूने जेमतेम रंग बदलेपर्यंत ठेवायचा, उलटायचा, आणि लगेच उतरवायचा. आतून गुलाबीच राहिला पाहिजे. वर लिंबू. हा मासा ताकदीचा आहे, पण त्याला आच सोसत नाही, असं त्या म्हणाल्या. नवा तुकडा पाठवतो आहे.

आता मुख्य गोष्ट. मी एकदाचं विचारलंच, माझ्या माशाला पहिली प्रत का नाही? त्या म्हणाल्या, पकडताना पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि रविवारी खरोखर होडीवर आल्या. एक चांगला कुपा लागला, मी आणि खलाशाने तो वर घेतला. तुला माझी सवय माहीत आहे. मी माशाच्या पाठीवर हात ठेवतो आणि दोन शब्द बोलतो. कुठून आलास बाबा, किती पोहलास, राग मानू नकोस. पाण्याबाहेर आला की त्याच्या अंगावरचं सोनं हळूहळू उतरत जातं. ते उतरेपर्यंत माझा हात सुरीकडे जातच नाही. आजवर गेला नाही.

बाई सगळं बघत होत्या. मग म्हणाल्या, इथेच चुकतं. कुप्याचं रक्त इतर माशांसारखं गार नसतं. झुंजताना तो आतून तापतो, आणि तडफडत ठेवला तर त्याचं मांस आतल्या आत करपतं. घेतल्याबरोबर डोक्यात एक घाव, लगेच रक्त काढायचं आणि बर्फाच्या पाण्यात. तुम्ही प्रेमाने बोलत बसता आणि तो बिचारा तिकडे शिजत असतो, त्याला पटकन सोडवणं हीच खरी माया, असं त्या म्हणाल्या. ताई, इतकी वर्षं मी समजत होतो की मी माशांशी फार चांगलं वागतो. दोन दिवस जेवण गेलं नाही.

आणखी एक. परतताना त्यांनी सहज सांगितलं की त्यांची दुसऱ्या बंदरावर बदली झाली आहे. महिनाअखेर जायचं. मी म्हणालो, अस्सं. घरी येऊन बराच वेळ तोच दोर गुंडाळत आणि सोडत बसलो.

दाजींना नमस्कार. वेंधळा असलो तरी तुझाच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझा,
रेंगाळ्या

*

ता. २७ नोव्हेंबर

चि. रेंगाळ्यास,
अ. उ. आ.

अस्सं म्हणालास? अस्सं? तुझ्या तोंडाला देवाने काय मासे मोजायला ठेवलंय?

हे पत्र वाचून झालं की चपला घाल आणि नीघ. दाढी करू नकोस, दाढी करता करता तुला शेजाऱ्याचा बकरा दिसेल आणि दिवस जाईल. बाईंनी तुला माशाचं सांगितलं ते सगळीकडे लागू आहे. आता खुर्च्या मांडायला मदत करायची नाही.

तुझी,
ताई

ता.क. मेव्हण्यास दाजींचा आशीर्वाद. तुझ्या ताईने आज तुकडा तव्यावर टाकला. आतला गुलाबी रंग पाहून मी आधी मृत्युपत्र कुठे ठेवलंय ते तिला सांगितलं, मग खाल्ला. गड्या, पुन्हा मागून खाल्ला. जी बाई हिच्या हातून असा मासा शिजवून घेऊ शकते, तिला जाऊ देणारा माणूस शुद्ध मूर्ख. कवळी सुखरूप.

*

ता. २९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी होडीवर निघालोच होतो, म्हणून चपला घालून धक्क्याऐवजी समुद्रावर गेलो. चिडू नकोस, पुढे वाच.

आज लागला तो या हंगामातला सगळ्यात मोठा कुपा. दोर असा पळाला की खलाशाची टोपी पाण्यात गेली. अर्धी सकाळ आम्ही दोघं आळीपाळीने ओढत होतो. वर घेतला तेव्हा असा सोन्याने झळाळत होता की हात आपसूक त्याच्या पाठीवर गेला. तोंडही उघडलं होतं. पण बाईंचं बोलणं आठवलं आणि मी एका घावात त्याला सोडवला. रक्त काढलं, पोट साफ केलं, बर्फाच्या पाण्यात उतरवला. एक शब्द बोललो नाही. डोळे भरून आले, तेही काम करता करताच.

धक्क्यावर तो वजनकाट्यावर चढवला आणि बाईंनी सळई काढली. मला वाटलं, आता ही प्रत सांगणार, मी हो म्हणणार, आणि उद्या ही निघून जाणार. म्हणून त्या सळई खुपसत असतानाच मी विचारून टाकलं. सगळ्यांसमोर, रक्ताने भरलेल्या हातांनी, अंगाला माशाचा वास. म्हणालो, जाऊ नका, माझ्याकडे या, लग्न करू. शेजारच्या तांडेलाच्या हातातली टोपली पडली.

बाईंनी मांस बोटांत चोळलं. उजेडाकडे धरलं. पुन्हा धरलं. मग म्हणाल्या, पहिली प्रत. आणि माझ्या प्रश्नाचं काय, असं विचारलं तर म्हणाल्या, मासा आधी नीट गार होऊ द्या, तापलेला कधी कापू नये. आणि हातमोजे काढून निघून गेल्या. ताई, हे काय उत्तर झालं? दार उघडं टाकून बसलो आहे. पत्र पोचेपर्यंत माझं बरंवाईट झालेलं असेल. भाऊ म्हणून पदरात घे.

तुझा,
(आता हे नाव बदल)
रेंगाळ्या

*

ता. ३ डिसेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मायना चुकलेला नाही. तुमचे बंधू काल संध्याकाळपर्यंत तुम्हाला पत्र लिहायचं म्हणत होते, आणि सध्या चांगला कागद शोधत आहेत. म्हणून मीच लिहिते.

त्यांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं नाही, कारण माझ्या हातात त्यांचा मासा होता. हो म्हणून मग पहिली प्रत दिली असती, तर धक्क्यावर लोक म्हणाले असते की बाईंनी घरच्या माणसाला झुकतं माप दिलं. प्रत आधी नोंदवली, मग घरी जाऊन बदली नको असल्याचं कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी अंड्यांचा डबा घेऊन त्यांच्या होडीवर जेवायला गेले. डबा दोघांचा होता. तेव्हा कुठे त्यांना उत्तर कळलं. अंड्यांचं म्हणाल तर दिवसभर ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांनाच जेवणात खावंसं वाटत नाही. पण रविवारी तुम्ही दोघं इकडे याल तेव्हा तव्यावर कुपा मीच करणार आहे. भावोजींनी कवळी घालूनच यावं.

तो कुपा खरोखर पहिल्या प्रतीचा होता, यात मुलाहिजा नाही. तुमच्या बंधूंची प्रत मात्र मी अजून ठरवलेली नाही. त्याला बरीच वर्षं लागतील, आणि मला घाई नाही.

एक सांगायचं राहिलं. आता ते मासा वर घेतला की क्षणाचाही उशीर करत नाहीत. सगळं झटपट होतं. पण परतीच्या वाटेवर, खलाशी सुकाणूवर असला की, ते हळूच बर्फाच्या पेटीचं झाकण उचलतात, आत वाकतात आणि राहिलेलं बोलणं पुरं करतात. मी पाहते आणि पाहिलं नाही असं करते. तोवर मासा गार झालेला असतो, मांसाला काही अपाय होत नाही.

तुमची माया आजवर एकाच्या वाट्याला होती, ती आता दोघांत वाटून द्यावी.

तुमची,
भावजय